ऐंशीची चाल

ता. ४, मंगळवार

ही वही घेऊन बारा दिवस झाले आणि पहिलं अक्षर आज पडतंय. रोज ठरवायचे, रोज काहीतरी आडवं यायचं. पेन सापडलं तर वही गाडीत, वही हातात तर डोळ्यांवर झोप. एकदा तर दोन्ही होतं, तेव्हा समोरच्या गच्चीवरची बाई चादरी कशी झटकते ते बघत बसले. चार झटके, घडी. चार झटके, घडी. एकही झटका मागे-पुढे नाही. मला तसं जमलं असतं तर ही वही लिहायची वेळच आली नसती.

वही लिहायला लावली बाईंनी. बाई म्हणजे ज्यांच्या गाण्यावर आमच्या सगळ्यांचं पोट आहे त्या. साठीला आल्यात, पण आवाज अजून भिंतीपलीकडे जातो. म्हणाल्या, "कुठल्या गाण्यात लय पळाली, कुठे पळाली, ते प्रत्येक कार्यक्रमानंतर लिहून काढ. नाहीतर तुझं ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने."

तर लिहिते. मी ड्रम्स वाजवते. बाईंच्या जुन्या ड्रमरच्या, म्हणजे जुन्या दादांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय म्हणून मला दहा कार्यक्रमांपुरतं घेतलंय. दहावा रेकॉर्ड होणार आहे. "तोपर्यंत लय धरायला शिकलीस तर राहा," बाई म्हणाल्या, "नाहीतर तुझी वाट तुला मोकळी."

तीन झाले. तिन्हींत पळाली. बास वाजवणारा जिराफ (उंची बघून कुणीही हेच नाव ठेवलं असतं) मला "घाई" म्हणतो, आणि आता ड्रायव्हरमामासुद्धा. "घाई, चहा घेतेस का गं?" माझं खरं नाव काय, हे कुणी विचारलेलंही नाही.

ताईला फोन केला तर ती म्हणे, "दहापैकी कितव्याला पळून येणार?" तिच्या मते मी कुठेच तीन महिन्यांवर टिकत नाही. बेकरीच्या गाडीवर दोन, पेट्रोलपंपावर अडीच, धक्क्यावर सहा आठवडे, शाळेत नववीपर्यंत. खोटं नाही. पण दर वेळी त्यांनी काढायच्या आत मी निघाले होते, हे ती धरत नाही.

ता. ६, गुरुवार

काल चौथा. पहिली दोन गाणी ठीक. तिसरं शेवटाकडे पळालं. नेहमी शेवटाकडेच.

टिकटिकीबद्दल लिहून ठेवते, नंतर विसरेन. आवाज सांभाळणाऱ्या काकांच्या टेबलावर एक छोटा डबा असतो. प्रत्येक गाण्याचा वेग त्यात आधीच भरलेला, मिनिटाला किती ठोके ते. गाणं आलं की काका बटण दाबतात आणि टिकटिक तारेतून माझ्या कानात येते. फक्त माझ्या. बाईंना नाही, जिराफला नाही, लोकांना तर नाहीच. ती ऐकून मी वाजवायचं आणि मला ऐकून बाकीच्यांनी.

लोकांना वाटतं ड्रमर सगळ्यांच्या मधोमध बसलेला. बसलेला असतो खरा, पण कानात बोळे. टाळ्या मला शेजारच्या घरात भांडी पडल्यासारख्या ऐकू येतात.

आणि गंमत अशी, की मी जरा मागे-पुढे झाले तरच ती टिकटिक ऐकू येते. अगदी बरोबर वाजवलं तर ती माझ्याच ठोक्याखाली गडप होते. म्हणजे बरोबर असते तेव्हा कानात कुणीच नसतं. तिथेच मी बिथरते. वाटतं, बंद पडली की काय. मग तिला शोधायला मी पुढे धावते.

हे जिराफला सांगितलं. तो म्हणाला, "तू ना, रिकाम्या घरात लाइट लावून झोपणाऱ्यातली आहेस."

त्याला कसं कळलं कोण जाणे.

ता. ९, रविवार

काकांनी मला शिकवणीला धरलंय!

काका बाईंबरोबर तीस वर्षं आहेत. बुटके, खिशात रंगीत चिकटपट्ट्यांची रिळं. त्यांच्या मिक्सरच्या बटणांवर पट्ट्यांची टेंगळं चिकटवलेली आहेत, कुठे एक थर, कुठे तीन. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, "बोटांना शहाणं करून ठेवावं. डोळे बावळट असतात." लिहून ठेवण्यासारखं वाक्य.

काल पाचव्याआधी त्यांनी मला टेबलाशी बोलावलं. म्हणाले, "यादी वाच. मोठ्याने. गाणं आणि वेग." मी वाचत गेले, ते डब्याची चकती फिरवत गेले, आणि दर गाण्याला डबा माझ्यापुढे धरून विचारायचे, "आता काय दिसतंय? वाच." मी म्हटलं, "मी आत्ताच तर वाचलं." "परत वाच. डोक्यात बसू दे." मी नववी नापास, माझ्या डोक्यात काही बसावं म्हणून आजवर कुणी एवढी खटपट केली नव्हती.

मग म्हणाले, "चल, चालू या." रिकाम्या हॉलभर आम्ही चाललो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, म्हणजे माझी चाल त्यांना कळावी म्हणून. "हे ऐंशीच्या चालीने. पळू नकोस, मी म्हातारा आहे." टेबलापासून स्टेजपर्यंत अठरा पावलं. पुन्हा अठरा. मध्ये पायरी किंवा वायर आली की सांगायचं, हाही त्यांचा नियम. "बोलताना पाऊल चुकलं नाही पाहिजे. गाताना माणूस बोलतच असतो." दाराकडे गेलो, परत आलो. हात उचलला तेव्हा खांदा एकदम हलका लागला.

पाचवा बरा गेला. म्हणजे पळाला, पण उशिरा पळाला.

ता. १३, गुरुवार

सहावा झाला. पहिल्यांदाच पाच गाणी सरळ!

काकांची पद्धत अशी. सुरुवात करण्याआधी गाण्यातली सगळ्यात संथ ओळ मनात म्हणायची. स्टेजवर गेलं की छाती धडधडते आणि त्या धडधडीवर मोजलं की वेग चढलाच म्हणून समजा. संथ ओळ म्हटली की गाणं स्वतःच सांगतं त्याला केवढ्याने चालायचंय. मग डावा पाय. हात काहीही करोत, डाव्या पायाने चालत राहायचं. तिसरं, जोरात वाजवायची जागा आली की श्वास सोडायचा. मी श्वास धरून ठेवते, आणि धरलेला श्वास माणसाला पळवतो.

काका विचित्र आहेत थोडे. काल चहा ओतताना बोटाचं टोक कपात धरलं होतं. भाजलं की थांबायचं! मी हसले तर म्हणाले, "कान रिकामे राहतात असं केलं की." प्रत्येक नव्या हॉलमध्ये आधी मला घेऊन चालतात. इथे बावीस पावलं आणि दोन पायऱ्या.

दुपारी लॉजच्या खाली एक माणूस खुर्च्या विणताना दिसला. एक वेढा वर, एक खाली. तासभर बसले. त्यालाही वाटलं असेल ही कोण येडी.

ता. १५, शनिवार

सातवा. ठीक.

कार्यक्रम संपला की बाईंना लोक भेटायला येतात, जिराफला त्याच्या बायकोचा फोन येतो, ड्रायव्हरमामा गाडीशी बोलतात. मी ड्रम्स सोडवते. सगळ्यात जास्त स्क्रू माझे, म्हणून सगळ्यात शेवटी मीच. कानातला बोळा काढायला विसरते कधीकधी.

ता. १९, बुधवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

काल आठवा. दुपारी मी नुसती पाय मोकळे करायला गेले होते. कोपऱ्यावर एक पेंटर दुकानाची पाटी रंगवत होता. शिडीवर उभा, आणि एक आडवी रेघ, हातभर लांब, एका दमात. जरासुद्धा थरथर नाही. मी विचारलं, "हात कसा हलत नाही हो?" म्हणाला, "हात हलवतंय कोण? मीच सरकतो सगळा." मग त्याने पुढचं अक्षर घेतलं, मग त्याच्या पुढचं. पाटी मोठी होती.

हॉलवर पोचले तेव्हा लोक बसले होते. बाईंनी नुसतं बघितलं. काकांकडे जायलाही वेळ नव्हता. यादी नाही, चालणं नाही. लांबून त्यांचा चेहरा दाराकडे वळलेला दिसला, मी हात केला, त्यांनी केला नाही. रागावले असणार.

खिडकीचं गाणं पाचवं. बाईंचं सगळ्यात लाडकं. त्यात एक लांबच लांब ओळ आहे, एका श्वासाची. टिकटिक सुरू झाली आणि मला वाटलं, हे जरा चटपटीत आहे का? संथ ओळ मनात म्हटली तर बसेना. पण मी कोण सांगणार, माझं नावच घाई. टिकटिक चुकत नाही, मी चुकते. तिला घट्ट धरून वाजवलं. बाई त्या ओळीत अर्ध्यावर तुटल्या. लोकांसमोर. खोकल्या आणि हसून वेळ मारून नेली.

आत आल्यावर हसल्या नाहीत. "मी माणूस आहे, पोरी, पंप नाही. श्वास घ्यायचा कुठे मी? तुझ्या दोन ठोक्यांच्या फटीत?" पाणी प्यायल्या. "दोन कार्यक्रम राहिलेत. जुन्या दादांना मी विचारून ठेवते."

गाडीत मामांनीसुद्धा घाई म्हटलं नाही.

ता. २०, गुरुवार

जिराफकडून परवाचं त्याच्या फोनवरचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. घड्याळ समोर ठेवून मोजलं. खिडकीचं गाणं: सुरुवातीला अठ्ठ्याऐंशी. मधे अठ्ठ्याऐंशी. शेवटी अठ्ठ्याऐंशी. चार वेळा मोजलं.

आयुष्यात मी इतकं सरळ कधी वाजवलेलं नाही. रुळासारखं. फक्त गाडी दुसरीच, यादीत हे गाणं ऐंशीचं आहे.

म्हणजे डबाच चुकला होता. हे बाईंना जाऊन दाखवलं की माझी सुटका. जिन्यापर्यंत गेलेही. पण काका कसे चुकतील? म्हणून आधी त्यांच्याकडे गेले.

ते खोलीत पट्ट्यांची रिळं रंगवार लावत होते. खरं तर निळ्यांत दोन हिरवी मिसळली होती, पण तेव्हा ते महत्त्वाचं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी डबा काढला. पाचवं गाणं लावलं. खिडकीपाशी नेला, डोळ्यांना जवळजवळ टेकवला, मग तिरका केला.

"मला ऐंशी दिसतंय," ते म्हणाले.

"अठ्ठ्याऐंशी आहे, काका."

त्या डब्यावरचे आकडे उजेडाच्या काड्यांचे असतात. शून्यात आणि आठात फरक एका मधल्या आडव्या काडीचा.

"ती मधली काडी," त्यांनी विचारलं, "पेटलीय?"

"हो."

त्यांनी डबा बंद करून उशाशी ठेवला. मग म्हणाले, "बाईंना सांगितलंस?"

"नाही. आणि सांगणारही नाही. एक काडी तर आहे. कुणाचंही होईल. मी वेळेवर आले असते तर—"

"तू वेळेवर यायचीस म्हणून तर गेले दोन आठवडे निघाले," काका म्हणाले. "जा आता. दार लावून घे."

चष्म्याचा नंबर बदलला असेल. बदलून घ्या म्हणून उद्या सांगेन.

ता. २१, शुक्रवार

काका गेले.

सकाळी बाईंच्या खोलीत अर्धा तास होते. मग मामांनी त्यांना स्टेशनवर सोडलं. डबा बरोबर घेऊन गेले. मला बाईंनीच सांगितलं, कपाळ चोळत. "वर्षभर झालं त्याला. मधलं सगळं धूसर, कडेकडेचं तेवढं दिसतं. चष्म्याने जाणारं नाही ते. माझ्यापासून लपवलं, गाढवाने. तीस वर्षांत मी त्याला कधी काय कमी केलं?" मग एकदम माझ्याकडे बघून: "तुला माहीत होतं?"

मी नाही म्हटलं. खरंच नव्हतं. यादी, आकडे, पायऱ्या, वायरी, चहातलं बोट. सगळं बघत होते आणि मला वाटत होतं की हे माझ्यासाठी चाललंय.

मला शिकवत नव्हतेच ते. मी त्यांची काठी होते.

ता. २४, सोमवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. आज सकाळी पिशवी भरली. बाई जुन्या दादांशी फोनवर बोलताना ऐकल्या होत्या. काढायच्या आत निघावं, हे मला पाठ आहे.

बसस्टँडवर ताईला फोन केला. म्हटलं, "येतेय." ती म्हणाली, "ये. भाजी जास्तीची करते." मग थोड्या वेळाने, "आठव्याला, म्हणजे. मी सहावा धरला होता."

बस लागली. स्टँडच्या दुसऱ्या टोकाला होती. चालत निघाले आणि लक्षात आलं की मी पावलं मोजतेय. ऐंशीच्या चालीने. शेजारून सगळे धावत चाललेले, कंडक्टर ओरडतोय, आणि मला धावताच येईना. डावा खांदा उगाच खाली झुकलेला, कुणीतरी हात ठेवल्यासारखा. वायर दिसली तर तोंडातून "वायर" निघालं. एक आजोबा दचकून थांबले.

एकतीस पावलं. पोचेपर्यंत बस गेली.

दुसरी अर्ध्या तासात होती. मी नाही थांबले, परत फिरले. ताईला कळवलं, भाजी कमी कर. ती म्हणाली, "चिरून झाली." मग म्हणाली, "बरं झालं."

काठी तर काठी. काठीलाही चालायला लागतंच की.

ता. २७, गुरुवार

काल नववा. टिकटिक नाही. हॉलच्या साउंडवाल्याकडे दुसरा डबा होता, पण बाई म्हणाल्या, "नको. आंधळेपणाने डब्यामागे जायचं एकदा झालंय." शब्द तोंडातून गेल्यावर स्वतःच जीभ चावली.

कान दोन्ही उघडे. पहिल्यांदा मला सगळे ऐकू आले. बाई ओळ सुरू करायच्या आधी नाकाने श्वास घेतात, ते. जिराफ स्वतःशी पुटपुटतो, ते. समोर कुणाचीतरी खुर्ची करकरत होती.

खिडकीचं गाणं आलं. संथ ओळ मनात म्हटली. हात सुटले आणि डावा पाय चालायला लागला. टेबल ते स्टेज. खांद्यावर तो हात. पायरी आहे काका. वायर आहे. पुन्हा टेबल. लांब ओळ आली तेव्हा मी बाईंकडे बघितलंही नाही, नुसतं त्यांना माझ्या पावलाने चालू दिलं, की मीच त्यांच्या चालले, काय माहीत. ओळ पूर्ण झाली आणि वर थोडा श्वास उरलासुद्धा, कारण त्यांनी शेवटचा शब्द उगाच जरा लांबवला.

त्या टिकटिक गडप होणाऱ्या जागेची मी वाट बघत होते, जिथे कानात कुणीच नसतं. आली नाही.

जिराफने मोजलं. ऐंशीने सुरू, एक्याऐंशीवर संपलं. "एक ठोका कुठून आणलास?" म्हणाला. मी म्हटलं, "माझा आहे तो. राहू दे."

ड्रम्स सोडवत होते तेव्हा बाईंनी येऊन पलीकडचा एक स्क्रू फिरवला. उलट्या बाजूला फिरवला, तो भाग वेगळा.

ता. २८, शुक्रवार

दहावा आज संध्याकाळी. रेकॉर्डिंगवाले तारा ओढताहेत. मी आतल्या खोलीत यादी लिहीत बसलेय, मधेच ही वही.

सकाळी बाई म्हणाल्या, "आजची यादी तू लिही. मोठ्या अक्षरात." माझं अक्षर वाईट आहे, पण इतकं नाही. मी विचारलं, केवढं मोठं? "केवढं म्हणजे? कोळशाने भिंतीवर लिहितात तेवढं. एका पानावर दोनच गाणी. जाड पेन घे."

खाली वाजवणाऱ्यांची नावं असतात. ड्रम्सपुढे अजून जुन्या दादांचं नाव यायचं, दर वेळी तेच छापलेलं. मी विचारलं, "इथे काय लिहू?"

"तुझं लिही."

"पण आजचं रेकॉर्डिंग ऐकून ठरवणार होतात ना? आणि जुन्या दादांना फोन—"

"तो खांदा कसा आहे विचारायला केला होता. माणसाला विचारू नये का? तुझं लिही म्हटलं ना." दारात जाऊन वळल्या. "घाई नको लिहूस. नाव लिही. काय आहे तुझं नाव?"

सांगितलं. त्यांनी ते एकदा हळू म्हणून बघितलं, ओळ म्हणून बघतात तसं.

आता पाच पानं झालीत. जाड पेनाने मनगट दुखतंय. खिडकीच्या गाण्यापुढचं ऐंशी मी वितीएवढं काढलंय. इतकी मोठी अक्षरं नक्की कुणासाठी, हे विचारायला उठणार होते, तेवढ्यात ड्रायव्हरमामा दारात आले. धापा टाकत.

"अगं, चल बाहेर. मी आत्ताच स्टेशनवरून घेऊन आलो, बाईंनी पाठवलं होतं. गाडीतून उतरलाय आणि फाटकात उभा राहिलाय, काखेत तो डबा. मी हात धरायला गेलो तर झटकला. जिराफला म्हणाला तुझं पाऊल फार लांब. कुणाबरोबर आत यायला तयार नाही. म्हणतोय, यादी वाचणारीला पाठवा."

जाते. फाटकापासून टेबलापर्यंत किती पावलं, ते अजून मोजलेलं नाही.